मातीच्या बैलावरचा चिखल

नांदेडच्या रामलिंगला बोर्डगेममधले बोटभर सैनिक रंगवायचा थोर छंद लागला होता. व्हिडिओ पाहून पाहून त्याची तयारी जय्यत झाली होती. भारीतले ब्रश आले, भिंग आलं, खास दिवा आला. फक्त रंगवता येणं तेवढं बाकी होतं. पहिले दोन्ही सैनिक शत्रूला सोडून एकमेकांकडेच तिरळे बघायचे.

घरचे बैल बापानं, सटवाजीनं, यंदा विकले होते, म्हणून गावाकडं पोळ्याला मातीची जोडी पुजायची ठरली. "बापू, रंगवून मी आणतो," रामलिंगनं फोनवर सांगून टाकलं. मग काय, कलेला नुसता ऊत आला. व्हिडिओतल्या गुरूचं म्हणणं असं, की चकचकीत वस्तू खोटी वाटते, ती वापरातली दिसली पाहिजे. रामलिंगनं बैलांच्या खांद्यावर जुवाचा घट्टा काढला, गुडघ्यांना शेण फासलं, पोटावर चिखल उडवला. सगळं रंगाचंच.

सणाच्या दिवशी तो बापापुढं जोडी ठेवून शाबासकीची वाट बघत उभा राहिला. सटवाजीनं बैल निरखले, पंचा ओला केला आणि एकाचं पोट घासायला घेतलं. चिखल काही निघेना.

"पोळ्याला बैल न धुताच आणलास व्हय रं?"

"बापू, रंग हाय तो."

सटवाजी घासतच राहिला. "उगं न्हाई इकले म्या बैल. तुह्या हाती त्यांची हीच गत झाली असती."