आज कोट काढायचा नाही

झरियाच्या पाठीच्या कण्यात धातूची सळई होती. त्यामुळे मेम्फिसच्या त्या शाळेच्या दारातलं तपासणी यंत्र ती आत शिरली की रोज किंचाळायचं. डॉक्टरांचा कागद दाखवूनही तिला अख्ख्या रांगेसमोर पाठीवरचा व्रण दाखवावा लागे. "साहेबांचा हुकूम आहे गं, बाळा," म्हणत पहाऱ्यावरची मिस लोरेन दुसरीकडे बघायची.

शुक्रवारी सामना होता. शाळेच्या बँडमधली पोरं पितळी बटणांचे कोट घालून आली. एरवी ती कोट काढून टेबलावर ठेवत आणि मगच यंत्रातून जात. आज ट्रंपेटवाला डेमॉन तसाच घुसला. यंत्र किंचाळलं. त्याने पाठ फिरवून कोट वर केला.

"बघा, मिस लोरेन. घासूनपुसून आलोय. आजीने बजावलंय, आज कोणीही कोट काढायचा नाही."

मागची सगळी पोरं पाठ फिरवून उभी राहिली. घंटा झाली तरी रांग रस्त्यापर्यंत. मुख्याध्यापक धावत आले.

"काय तमाशा आहे हा? सोडा यांना आत!"

"जो वाजेल त्याने पाठ दाखवायची, हा नियम तुमचाच, साहेब. आजच्यापुरता सोडू, की कायमचा?" लोरेनने विचारलं.

साहेबांनी त्या रांगभर पाठींकडे पाहिलं. "कायमचा. डॉक्टरांचा कागद असला की पुरे."

झरिया यंत्रातून गेली. ते किंचाळलं. तिने मान वळवूनही पाहिलं नाही, ताठ चालत वर्गात गेली.

"कोट खाली कर आता, मेल्या," लोरेन पुटपुटली. "सर्दी झाली तर रात्रभर मलाच छाती शेकावी लागेल."

"बरं, आजी," डेमॉन म्हणाला.