मऊ भाकरीचा डबा

"गाजराचे तुकडे नको मावशी, किसून घाल," बुटाची नाडी बांधता बांधता सृष्टी म्हणाली. "आणि मिरची अजिबात नको."

निकिताने चिरलेलं गाजर बाजूला सारलं आणि किसणी काढली. पोरीचे दुधाचे दात पडायला लागले होते, तेव्हा मऊ मागणारच. बाजरीची भाकरी तिने गरम असतानाच दुधात कुस्करली, वर तूप सोडलं. दुसऱ्या कप्प्यात अगदी मऊ शिजवलेली मोडाची मटकी आणि पपईच्या फोडी भरल्या.

शाळेने यंदा फर्मानच काढलं होतं. डब्यात पाकिटातलं काही चालणार नाही. कडधान्य, पालेभाजी, फळ असलंच पाहिजे. बाकीच्या आयांनी नाकं मुरडली, निकिता मात्र हरखली. दुसरेपणाच्या बायकोला माया दाखवायला जागा तरी कुठे असते? जवळ घ्यावं तर पोर अंग चोरते, रागवावं तर शेजारीण भिंतीला कान लावते. तिला हा डबा सापडला होता.

झाकण लावण्याआधी तिने गळ्यातली चांदीची पुतळी डब्यावर धरली. रीतच होती तशी. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली, की तिने गेलेलीच्या नावाची पुतळी गळ्यात घालायची. नवी साडी आधी तिला दाखवायची, गोडाचा घास आधी तिला. सासरी कुणी पुतळीचा विषयच काढला नाही, तेव्हा निकिताने घोडेगावला माहेरी जाऊन, तिथल्या सोनाराकडून स्वतःच ती करवून आणली होती.

"बघ दिशाताई, तुझ्या लेकीला काय देतेय ते," ती पुटपुटली. "आधी तू खा, मग तिच्या अंगी लागू दे."

दारात बसलेल्या सासूने, रतनबाईने, तोंड फिरवलं. "रोजरोज काय त्ये याड! पोरीला उशीर हुतोय."

रतनबाईला असल्या गोष्टींचा कंटाळाच होता. पितृपंधरवड्यात नवमीला दिशाचं पान वाढू म्हटलं, तर "आमच्यात न्हाई तसलं काय" म्हणून मोकळी झाली. आणि हर्षल तर पहिल्या बायकोचं नाव निघालं की चप्पल घालून बाहेर पडायचा. कोल्हारचं घर सोडून भिंगारच्या या चाळीत येताना त्याने तिचा एक फोटोही बरोबर आणला नव्हता. निकिताला त्याची कीव यायची. किती जीव असेल त्याचा तिच्यावर, असं वाटून ती गप्प राहायची.

संध्याकाळी डबा यायचा तो चाटूनपुसून साफ, वर धुतलेला. तो उघडून बघितला की निकिताचा दिवसभराचा शीण उतरायचा. पोर अजून मावशीच म्हणत होती. पण हातचं अन्न गोड लागलं की माणूसही गोड लागतं. आज ना उद्या आई म्हणेल, एवढ्या एका आशेवर तिचा सगळा खटाटोप चालला होता.

मग शाळेत मुलांची तपासणी झाली आणि सृष्टीचं वजन मागच्या वेळेपेक्षा कमी भरलं.

"सावत्रपना कितीबी झाका, काट्यावर दिसतोच की," शेजारीण नळावर म्हणाली. निकिताला ऐकू जाईल अशाच बेताने म्हणाली.

निकिता घरात येऊन पोटभर रडली. जीव ओतून करावं आणि पोर वाळत जावी, वर बोल आपल्याच माथी. शाळेतून आल्यावर तिने सृष्टीला जवळ बसवलं.

"डबा तूच खातेस ना गं?"

"हो." पोरीने मान वर केली नाही. "मावशी, उद्या भाताची पेज देशील? गिळायला सोपी असते."

"घसा दुखतोय का?"

"नाही. म्हणजे, थोडा."

दुसऱ्या दिवशी तिने पेज दिली आणि मधल्या सुट्टीच्या वेळी स्वतःच शाळेत गेली. पोरं व्हरांड्यात गोल करून जेवत होती. त्यांत सृष्टी नव्हती.

"ती मागच्या फाटकातून पलीकडे जाते," मैत्रेयीबाई म्हणाल्या. त्या तिच्या वर्गशिक्षिका. "तिची आत्या तिथे कामाला आहे म्हणाली. तुम्हाला ठाऊक असेल ना?"

हर्षलला बहीण नव्हती. पण बाईंपुढे मान डोलावून निकिता फाटकाकडे निघाली.

पलीकडे निराधार बायकांचा आश्रम होता. कडुनिंबाखाली खाटेवर एक बाई उशीला टेकून बसवलेली. केस बारीक कापलेले, अर्धं अंग लुळं, वय कळू नये इतकी खंगलेली. सृष्टी तिला चमच्याने पेज भरवत होती. ओघळ आला की आपल्या रुमालाने टिपत होती.

"अजून एकच घास. आ कर बरं."

निकिताचा राग जागच्या जागी विरघळला. कुणा परक्या बाईसाठी हे लेकरू रोज उपाशी राहतं! आपल्याला कुठे आलं असतं एवढं मोठं मन? तिला पोरीचा अभिमान वाटला आणि थोडा स्वतःच्या स्वयंपाकाचाही. डोळे पुसत ती पुढे झाली.

"अगं वेडे, मला आधी सांगायचं नाही का? उद्यापासून दोन डबे देते. एक तुझा, एक यांचा."

सृष्टीच्या हातातला चमचा पडला. दोन्ही हात पसरून ती खाटेच्या आड उभी राहिली.

"मावशी, बाबांना सांगू नको ना! आई मेली असंच तुला सांगायचं ठरलंय. तुला कळलं तर ते आईला इथूनपण हलवतील."