जांभळं टोक

सिरिंज बसत नव्हती. सिस्टरने टोक नळीच्या तोंडाला लावलं, दाबलं, पिळलं. ते पुन्हा निसटलं आणि दुधाचा एक थेंब दुपट्यावर पडला. बाळाच्या आईने तो अशा नजरेने पाहिला, जणू रक्तच सांडलं होतं. सकाळभर कळ सोसून तिने एवढंसं दूध काढलं होतं.

काचेच्या पेटीत तिची मुलगी होती. दिवस भरण्याआधीच आलेली, ओंजळीत मावेल एवढी. तिच्या अंगावरून दोन नळ्या निघत होत्या. एक नाकातून पोटात गेलेली, दुधाची. दुसरी मनगटाच्या शिरेत, औषधांची. दोन्ही पाण्याच्या रेघांसारख्या, बारीक, बिनरंगी, एकमेकींत गुंतलेल्या.

शेजारची पेटी रिकामी होती. तिथल्या बाळाला मागच्या आठवड्यात याच सिस्टरने दूध दिलं होतं. काही वेळातच ते निळं पडलं. ‘कच्चा जीव होता,’ डॉक्टर म्हणाले, आणि त्या वाक्याखाली सगळं झाकलं गेलं.

जांभळ्या टोकाची ही सिरिंज परवाच वॉर्डात आली होती, फक्त दुधाच्या नळीसाठी. सिस्टरने ती पुन्हा रेटली.

“कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालीय कोण जाणे! नव्या सुनेचा तोरा नुसता. जुळवून म्हणून घ्यायचं नाही.”

आईला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. मग ते ओठांवरच विझलं. “जोर नका ना लावू, सिस्टर. तिला लागेल.”

“काही लागत नाही गं. थांब, खणात जुनी आहे. ती गुणाची होती. कुठेही लावा, बसायची.”

“कुठेही?” आईने सहज विचारलं.

खण अर्धा उघडला होता. सिस्टरचा हात तिथेच राहिला. मग ती सावकाश वळली. मघाची नळी तिने पुन्हा उचलली आणि तिच्यावरून बोट सरकवत नेलं. दुपट्याच्या घडीखालून, दुसऱ्या नळीच्या विळख्यातून. बोट नाकापाशी पोचायला हवं होतं. ते मनगटावर येऊन थांबलं. चिकटपट्टीखाली शीर उडत होती, जेमतेम दिसेल इतकी.

तिने ती नळी खाली ठेवली. दुसरी घेतली. बोटाने नाकापर्यंत तपासली, पुन्हा एकदा तपासली. जांभळं टोक अलगद आत गेलं. दूध हळूहळू उतरू लागलं.

“बसली!” आई पेटीवर वाकली. “बघा, रुळली की तुमची सून.”

सिस्टर हसली नाही. ती शेजारच्या रिकाम्या पेटीकडे पाहत होती. मागच्या आठवड्यात तिथे जुनी सिरिंज पहिल्याच दाबाला बसली होती.