हाताएवढी खिडकी

खिडकी जागेवर नव्हती.

घारीने टॉर्चचा झोत पुन्हा फिरवला. रॉकेटच्या तळाशी, तिसऱ्या इंजिनाच्या जरा वर, तळहाताएवढं एक गोल झाकण असायचं. सहा स्क्रू काढले की आत हात जायचा, आरसा जायचा. आता तिथे सलग पांढरा पत्रा होता. तिने बोटं फिरवून पाहिली. जोडाचा उंचवटाही लागला नाही, इतक्या सफाईने कुणीतरी काम केलं होतं.

तिला सगळे घार म्हणायला लागून पंधरा वर्षं झाली होती. खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. रॉकेट वर जायचं, परत येऊन पायांवर उतरायचं, काजळी पुसून, रंग लावून पुन्हा उभं राहायचं. आणि दर उड्डाणाआधी घार जुने फोटो घेऊन त्याच्याभोवती फिरायची. मागच्या खेपेपेक्षा काय बदललंय ते शोधायचं आणि दिसेल तेच लिहायचं, एवढंच तिचं काम. या खेपेला तिला अकरा बदल सापडले. पायांच्या बिजागऱ्या जाड झाल्या होत्या, पंखांच्या कडा गोलसर केल्या होत्या. दहा बदल डिझाइन विभागाच्या यादीत होते. खिडकीचा नव्हता.

आणि या खेपेला पहिल्यांदाच वर तीन माणसं बसणार होती.

डिझाइन विभागाचा प्रमुख म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिने फोटो त्याच्या टेबलावर ठेवले.

"तुझ्या माणसांनी गफलत केलीय. खिडकी बुजवलीय, आणि यादीत नोंदही नाही."

त्याने फोटोंकडे पाहिलंच नाही. "गफलत नाही, ताई. वजन कमी केलंय."

"पत्रा झाकणापेक्षा जड आहे."

तो हसला. लहानपणी खोटं पकडलं गेलं की हसायचा तसाच. मग उठून त्याने दार लावून घेतलं.

"मागच्या वेळी त्या खिडकीतून तुला काय सापडलं होतं?"

"तडा. इंधनाच्या नळीच्या सांध्यावर. केसाएवढा."

"त्या केसापायी उड्डाण सहा आठवडे लांबलं. भर बैठकीत मला उभं करून विचारलं, हे सगळं कशामुळे झालं? मी काय सांगणार?" त्याने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "म्हटलं, त्या खिडकीमुळे."

घारीने ग्लासाला हात लावला नाही. आईच्या मागे तिनेच याला वाढवलं होतं. गणित चुकलं तर खोडायचं नाही, त्याच्याखाली बरोबर लिहायचं, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

"नळी तरी बदललीस का?"

"तडा भरून घेतलाय."

"मग पत्रा कापायला सांग. मी आत बघते."

"तारीख जाहीर झालीय."

"तर मी सही करणार नाही."

तो चिडला नाही. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तपासणीचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"नको करूस. पण कारण लिहावं लागेल. आत तडा आहे, असं लिहिशील?"

"आहे की नाही हे बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही."

"मग अंदाजाने लिहिणार? तू?" त्याचा आवाज मऊ झाला. "खिडकी बुजवल्याची नोंद मी आजच यादीत घालतो. अकरावा बदल. घारीच्या नजरेतून सुटला नाही, असं वर कळवतो. तुला शाबासकीच मिळेल. तू फक्त इथलं उत्तर दे. दोष दिसतो का? दिसतो किंवा दिसत नाही, दोनच रकाने आहेत, ताई."

ती कागद घेऊन शेडमध्ये परत आली. दिवसभर त्या पत्र्यासमोर बसून राहिली. बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, कान लावला, टॉर्च तिरपी धरून पाहिली. पत्रा गार होता आणि स्वच्छ होता. वरच्या मोठ्या साहेबांना तिने दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा त्यांच्या सेक्रेटरीने तो अदबीने तिच्या भावाकडेच जोडून दिला. संध्याकाळी तिने दुसऱ्या रकान्यात खूण केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचं तिला नंतर राहून राहून वाईट वाटलं.

उड्डाणाच्या सकाळी तिन्ही प्रवासी जाड पोशाखात मार्गिकेतून चालत आले. पुढे होती ती यान चालवणारी तरुणी. दोन्ही बाजूंना साहेब मंडळी टाळ्या वाजवत उभी होती, त्यांत घारीचा भाऊही होता. तरुणी त्या सगळ्यांना ओलांडून मागे भिंतीला टेकलेल्या घारीपाशी आली.

"मावशी, खरं सांगू? यांनी शंभर कागद माझ्या हातात दिले. मी एकही वाचला नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "फक्त खाली तुमची सही आहे का तेवढं पाहिलं. मग घरी फोन केला. लेक रडत होती, तिला म्हटलं, आता रडायचं काही कारण नाही."

टाळ्या थांबल्या होत्या. सगळे या दोघींकडे बघत होते. भाऊही बघत होता.

घारीने तिच्या खांद्यावरचा पट्टा उगाचच सरळ केला.

"नीट बघितलंय मी, पोरी," ती म्हणाली. "कुठे काही दिसलं नाही."