दोन ताटं

बायको काही आठवडे दर बुधवारी बसने बहिणीकडे जायची. बायको वारल्यावर कंडक्टर सहज बोलून गेला, "मावशी तर दोन स्टॉप आधीच उतरायच्या की. जुन्या कोर्टात हॉटेल झालंय ना, तिथं."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तिथं गेलो. साक्षीदाराचा कठडा अजून तसाच होता. त्याला टेकून म्हातारा वाढपी उभा होता. मी तिचा फोटो पुढे केला.

"या बाई होय! कोपऱ्यातलं टेबल त्यांचं. दोन ताटं मागवायच्या."

"दुसरं कोणासाठी?"

तो घुटमळला. "जाऊ द्या ना, साहेब."

"खरं सांगा. मी नवरा आहे तिचा."

"समोर कुणीच नसायचं. भरल्या ताटापुढच्या रिकाम्या खुर्चीला म्हणायच्या, 'अहो, ऐका ना, घाबरायचं नाही हं.' पुढं रडूच यायचं. डोळे पुसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आम्हाला वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय. मग एका बुधवारी न रडता सगळं बोलल्या. त्या दिवशी पोटभर जेवल्या. नंतर काही आल्या नाहीत."

मी त्याच खुर्चीत बसलो.

घरी वाटाणे सोलता सोलता ती हसत म्हणाली होती, "अहो, ऐका ना, घाबरायचं नाही हं. डॉक्टरांनी हात टेकलेत माझ्यापुढे."

तेव्हा मला वाटलं होतं, हिला मरणाचंही काही नाही.