काचेपलीकडची चांगुणाबाई

बाईमाणसाचं दुखणं डॉक्टरला नवऱ्यानंच सांगायचं, ही भुजंगरावांच्या घरची रीत. म्हणून देवगाव फाट्यावरच्या एसटीडी बूथमध्येही फोन आधी त्यांनीच घेतला. एवढ्यासाठी एसटीत हाडं खिळखिळी करून येऊ नका, बाजाराच्या दिवशी फोन करा, असं परभणीच्या डॉक्टरनंच मागच्या खेपेला सांगितलं होतं.

"भूक हाय, झोप हाय, बाकी तिला काई न्हाई," भुजंगराव ओरडून म्हणाले.

"मावशींना द्या फोन. त्यांचं त्यांना सांगू द्या."

आत एकच माणूस मावत होतं. भुजंगरावांना बाहेर यावं लागलं. चांगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मग फोन कानाला लावला.

आधी त्या नुसतं हं हं करत होत्या. मग बोलायला लागल्या त्या थांबेनात. छातीवर हात ठेवून दाखवत होत्या, तिकडच्याला दिसतंय असं समजून. मधेच चक्क हसल्या. काचेबाहेर भुजंगरावांचा जळफळाट झाला. डॉक्टर नातवाच्या वयाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण मत्सराला वय कुठं कळतं? इतक्या वर्षांत ही बाई आपल्याशी अशी हसून कधी बोलली, ते त्यांना काही आठवेना.

त्यांनी दार जरासं ढकललं.

"...रातच्याला धडधड व्हायलीय. उठून बसते मंग. ह्यांना न्हाई उठवत."

"दार लावा काका," बूथवाला नागनाथ म्हणाला, "त्यांना ऐकू येत न्हाई मंग."

चांगुणाबाई बाहेर आल्या तेव्हा तोंडावर तरतरी होती. गोळी बदलली म्हणाल्या, पुढच्या बाजारी परत फोन करायचा म्हणाल्या. भुजंगराव स्टँडपर्यंत दोन पावलं पुढंच चालले. तिथं मात्र त्यांना राहवेना.

"रातच्याला धडधडतंय, तर मला का न्हाई सांगितलं?"

"त्यानं इच्यारलं."

भुजंगरावांना ते झोंबलं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"पुढच्या बारीला फोन-बिन काई नको. सरळ परभणीला जाऊ. मी येतो की संगं. समोरासमोर दाखवू."

"नको," चांगुणाबाई म्हणाल्या. "समोर गेलं की तुमीच बोलता."