चार खुर्च्या

व्यावसायिक बास्केटबॉल संघासाठी खेळाडू हेरणारे हॅलोरन केंटकीतल्या एका कॉलेजात आले आणि त्यांनी कोर्टवर चार खुर्च्या मांडल्या. "यांच्यामधून चेंडू काढ आणि बास्केट कर."

कॉलेजचा पॉइंट गार्ड टायरेल चेंडू काखेत मारून उभाच राहिला. "माझं काम सोबत्यांना खेळवायचं. खुर्च्यांना काय पास देऊ?"

"उंची बेताची आणि तोंड केवढं! गेल्या वर्षी तुझ्या संघातल्या त्या ओडेलने मुकाट्याने केलं. नेला मी त्याला."

"मग? कसा खेळतोय?"

"बाकावर बसून असतो."

"बसणारच. इथे त्याच्या हातात चेंडू कोण आणून द्यायचं, ते विचारा त्याला."

"विचारलं. म्हणूनच आलोय."

"मग आधी त्या खुर्च्या उचला, साहेब."